सही केली म्हणजे झालं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, स्क्विड गेम, हंगर गेम्ससारखं काही, म्हणजे माणसं जिवावरचे खेळ खेळतात आणि बाकीचे बघतात असलं, बघताना मजा येते आणि मग आपणच त्यातल्या टाळ्या पिटणाऱ्या पब्लिकसारखे आहोत असं वाटून कसंतरी होतं. आणि दुसरं, रिअ‍ॅलिटी शोमध्ये जाणारे स्वतःच्या पायांनी जातात, सही करतात, पैसे घेतात, मग त्यात अनैतिक ते काय? दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण सहा वर्षं मी गोरेगावला एका एसी फुल्ल असलेल्या अंधाऱ्या एडिट रूममध्ये बसून असले शो एडिट करायचंच काम केलंय. शोचं नाव विचारू नकोस, सही मीपण केलीय.

आधी एक खरी घडलेली गोष्ट. १९९८ चा जानेवारी, जपान. निप्पॉन टीव्हीवर देनपा शोनेन म्हणून एक शो होता. त्यांनी स्ट्रगल करणाऱ्या कॉमेडियन पोरांमधून चिठ्ठी काढून एकाला निवडलं, तोमोआकी हमात्सु. चेहरा लांबुडका म्हणून टोपणनाव नासुबी, म्हणजे आपलं वांगं. डोळ्याला पट्टी बांधून एका खोलीत नेला, अंगावरचे सगळे कपडे काढून घेतले आणि सांगितलं की ही मासिकं, ही पोस्टकार्डं, बक्षीस योजना भरत बस, दहा लाख येनची बक्षिसं लागली की सुटलास. जेवण, कपडे, सगळं त्यातूनच मिळवायचं. तांदूळ लागले तर शिजवायला भांडं नाही, मग काही काळ तर बक्षिसात आलेलं कुत्र्याचं खाणं खाऊन काढला आणि अंगात घालावं असं काही शेवटपर्यंत लागलंच नाही.

आता यातला खरा झोल. शूटिंग चाललंय हे त्याला माहीत होतं, पण हे दर आठवड्याला टीव्हीवर दाखवतायत हे माहीत नव्हतं. बाहेर अख्खा देश हसतोय, स्क्रीनवर त्याच्या कमरेखाली कार्टूनचं वांगं चिकटवलेलं, तो जी डायरी लिहितोय ती पुस्तक म्हणून छापून धडाधड खपतेय, आणि हा आत एकटा, दाढी वाढलेली, बक्षीस लागलं की उघडाच नाचणारा. ३३५ दिवस. ते संपल्यावर बक्षीस म्हणून कोरियाला फिरायला नेला आणि तिथे परत खोलीत घातला, की आता घरी जायच्या तिकिटाचे पैसे जिंक. शेवटी जपानमध्ये आणून अजून एका खोलीत ठेवला, तो सवयीने कपडे काढून बसला, आणि चारही भिंती पडल्या. समोर स्टुडिओ, प्रेक्षक, टाळ्या.

दाराला कुलूप नव्हतं बरं का. "जाऊ शकत होता की मग" हे आर्ग्युमेंट तेव्हाही झालं, आणि त्याच्यावर २०२३ साली द कंटेस्टंट ही डॉक्युमेंटरी आल्यावर परत झालं.

आणि योगायोग बघ, त्याच १९९८ च्या जूनमध्ये अमेरिकेत द ट्रूमन शो रिलीज झाला. जिम कॅरी, जन्मापासून एका प्रचंड सेटमध्ये वाढलेला माणूस, ज्याला आपण शोमध्ये आहोत हेच ठाऊक नाही. लोक म्हणाले वा काय कल्पना आहे. तेव्हा नासुबी खोलीतच होता.

पण पिक्चरने आपलं काम सोपं केलं असं मला वाटतं. ट्रूमनला कुणी विचारलंच नव्हतं, कंपनीने त्याला बाळ असतानाच दत्तक घेतलं होतं, त्यामुळे आपण लगेच त्याच्या बाजूने. नासुबी "हो" म्हणाला होता. फक्त ज्याला हो म्हणाला ते वेगळं होतं आणि जे झालं ते वेगळं. तुझ्या सहीवाल्या मुद्द्यात नेमकी हीच फट आहे. माणूस कागदावर सही करतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक शो असतो, एडिट टेबलवर दुसराच बनतो.

आमच्या फॉर्ममध्ये एक ओळ होती, मराठीत सांगायचं तर, तुमचं फुटेज आम्ही हवं तसं कापू, जोडू, बदलू आणि तुमची काही तक्रार चालणार नाही. वाचत कुणीच नव्हतं. मीही वाचली ती नोकरी सोडताना. एका डान्स शोमध्ये एका स्पर्धक मुलीची आई होती, लहान गावातली, सकाळी सातपासून सेटवर बसलेली. संध्याकाळी कधीतरी, लायटिंग बदलत होते तेव्हा, कंटाळून तिने डोळे फिरवले आणि तोंड वाकडं केलं. साधं, माणूस करतो तसं. कॅमेरा चालू होता. मला क्रिएटिव्ह टीमकडून निरोप आला की दुसऱ्या मुलीला जज स्टँडिंग ओव्हेशन देतायत तिथे हा शॉट टाक, वर तो ढॅण म्युझिकचा ठोका. टाकला. एपिसोड गेल्यावर त्या बाईला गावात लोक जळकुटी म्हणायला लागले, तिने ऑफिसला फोन केला, रडली म्हणे. आमच्याकडे हसून विषय संपला, फेमस झाल्या की मॅडम.

म्हणून मला असल्या सगळ्या पिक्चर्समध्ये सगळ्यात खरा कुठला वाटतो सांगू? हसशील. श्वार्झनेगरचा द रनिंग मॅन, १९८७ चा, गुन्हेगारांना टीव्हीवर जिवाच्या भीतीने पळवणाऱ्या गेम शोवरचा. चेनसॉ घेतलेले गुंड, चमकते ड्रेस, तद्दन बी ग्रेड. पण त्याची सुरुवात आठव. हिरो पोलीस पायलट असतो, निःशस्त्र जमावावर गोळ्या घालायला नकार देतो, आणि चॅनेलवाले तेच फुटेज उलटसुलट कापून दाखवतात की यानेच गोळीबार केला. पुढे तर हिरोचा चेहरा दुसऱ्याच्या अंगावर बसवून त्याचा मृत्यू पण दाखवतात. त्यात अँकरचं काम केलेला रिचर्ड डॉसन हा खरोखरचा गेम शो होस्ट होता, फॅमिली फ्यूडचा. बाकीचे पिक्चर भाला-तलवारीत अडकतात. या येड्या पिक्चरला कळलं होतं की खरं हत्यार कात्री आहे.

आता पब्लिकचं. १९७० साली जर्मन टीव्हीवर दास मिलियोनेनश्पील नावाची टेलिफिल्म दाखवली होती. एक माणूस, मागे मारेकरी, सात दिवस जिवंत राहिला तर दहा लाख मार्क, मध्ये मध्ये खोट्या जाहिराती, आणि होस्टच्या रोलमध्ये तिथला खराखुरा लोकप्रिय टीव्ही होस्ट. बऱ्याच लोकांना ते खरं वाटलं. काहींनी चॅनेलला शिव्या घातल्या, ते ठीक. पण काहींनी विचारलं की पुढच्या वेळी भाग घ्यायला नाव कुठे द्यायचं.

स्क्विड गेमचं तर पुढे काय झालं बघ. कर्जात बुडालेली माणसं श्रीमंतांच्या करमणुकीसाठी मरतात अशी ती सिरीज. त्याच नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये तिचा खरा गेम शो काढला, ४५६ लोक, ४५.६ लाख डॉलर. इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ एअरशिपच्या, म्हणजे फुग्यासारख्या उडणाऱ्या जहाजांच्या, जुन्या हँगरमध्ये, जानेवारीच्या थंडीत, तो आपल्या स्टॅच्यूसारखा खेळ शूट केला, तासन् तास लोक गोठून उभे, तिघांवर उपचार करावे लागले हे निर्मात्यांनीच मान्य केलं. मूळ सिरीज कशाबद्दल होती हे मीटिंगमध्ये कुणी विचारलं नसेल का? विचारलं असेलच, आणि कुणीतरी म्हणालं असेल, नंबर बघ ना.

हे सगळं लिहिल्यावर एक उलटं उदाहरण द्यायलाच हवं, नाहीतर मी एकतर्फी होतो. जेड गूडी, ब्रिटनची रिअ‍ॅलिटी शो स्टार. २००७ मध्ये ब्रिटनच्या सेलिब्रिटी बिग ब्रदरमध्ये शिल्पा शेट्टीशी जी वर्णद्वेषी वागली त्यावर ४४ हजारांच्या वर तक्रारी गेल्या, सगळा देश तिच्यावर तुटून पडला. पुढच्या वर्षी तीच बाई आपल्या हिंदी बिग बॉसमध्ये, लोणावळ्याच्या घरात, होस्ट कोण तर शिल्पाच. आणि तिथे असतानाच तिला फोनवर कॅन्सर झाल्याचं कळलं. घरी परतली, मार्च २००९ मध्ये गेली, वय २७. शेवटचे महिने तिने कॅमेऱ्यासमोर काढले, लग्नाचे हक्क विकले, का तर दोन मुलांच्या शिक्षणाला पैसे हवेत. लोक म्हणाले किती हीन पातळी. मला तसं नाही वाटत. तिला काय विकतोय ते माहीत होतं, कोण बघणार ते माहीत होतं, भाव तिने ठरवला होता. नासुबीकडे यातलं एकही नव्हतं. बघायला दोन्ही सारखंच अस्वस्थ करणारं, पण माझ्या लेखी दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

तर तुझा पहिला प्रश्न, मजा येते त्याचं काय. पिक्चरमध्ये येऊ दे रे, तिथे मरणारा नट संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. रिअ‍ॅलिटी शो बघताना मात्र एक खेळ खेळ. कुणाचा चिडलेला, जळका चेहरा क्लोजअपमध्ये आला की पॉज कर आणि चेहरा सोडून बाकीचं बघ. मागचे लाइट, शेजारी कोण बसलंय, हातातली पाण्याची बाटली, ओढणी कुठल्या खांद्यावर आहे. त्या आईच्या शॉटमध्ये मागचा लाइट निळा होता. स्टेजवर तेव्हा लाल होता. मी कलर करेक्शनमध्ये थोडा दाबला, पण पूर्ण गेला नव्हता.