कच्छचं वादळ आणि उद्यमबागची भट्टी

खानापूरची एक विद्यार्थिनी लिहिते : "मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा बेळगावला उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, खरेदी बघतात. हवामान बदलाचा कंपन्यांवर होणारा परिणाम मोजायचा एक ऑनलाइन कोर्स आहे, पण फी फार आहे. बाबा म्हणतात, आमच्या फौंड्रीत कधी पूर आला नाही, यात नोकरी कसली? मराठी-कन्नड बोलते, इंग्रजी बेताचं. काय करू?"

तुझ्या बाबांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच टेबलावर आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक कित्येक दिवस अडकली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं. तेव्हा पुण्याला जायचा तयार माल कुठे पडून होता, बिलं किती लांबली, हे त्यांना विचार.

आता खरेदीकडे बघ. साच्याच्या वाळूला बांधून ठेवणारी बेंटोनाइट नावाची चिकणमाती बहुतेक कच्छातून येते. जून 2023 मध्ये बिपरजॉय वादळ कच्छावर आलं तेव्हा कांडला आणि मुंद्रा बंदरांचं काम थांबवावं लागलं. पिग आयर्न, म्हणजे भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड, कोप्पळ-होस्पेट भागात बनतं खरं, पण त्याला लागणारा कोकिंग कोळसा देशात पुरेसा नाही, मोठा वाटा ऑस्ट्रेलियातून येतो. 2017 मध्ये क्वीन्सलँडला डेबी चक्रीवादळाने कोळशाचे रेल्वेमार्ग उखडले आणि जगभर भाव चढले.

कधी फटका सरकारी आदेशातून येतो. 2023 च्या पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल म्हणून डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत, तुला सांगायला नको. ज्यांच्या डिस्टिलरीचं गणित रसावर होतं त्यांचं ते एका आदेशात बदललं, कारखान्याच्या दारात थेंबभर पाणी न येता.

मोजायचं कसं? समज, एका मालाचा साठा 10 दिवसांचा आहे आणि पुरवठा 18 दिवस तुटला. भट्टी 8 दिवस थंड. त्या 8 दिवसांना रोजच्या नुकसानीने गुणून घे, करारातली दंडाची कलमं बघ, दुसरा पुरवठादार किती महाग पडतो ते बघ. तो दुसराही त्याच पूरपट्ट्यातला असेल तर त्याला पर्याय म्हणून धरू नकोस; नवशिके इथेच चुकतात. हे काम कॉमर्सवाल्याचं आहे. हवामानाचे अंदाज शास्त्रज्ञ देतात, त्यांचे रुपये करणारी माणसं कमी आहेत.

नोकरी आहे, पण बेळगावात थोडी, पुणे-बेंगळुरूत जास्त. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे मोठे ग्राहक पुरवठादारांना प्रश्न विचारू लागलेत. चाकणचा खरेदी अधिकारी आणि कोप्पळचा पुरवठादार, दोघांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी मुलगी तिथे हवीच असते. इंग्रजी मात्र अहवाल वाचता-लिहिता येण्याइतकं कर, त्यात सूट नाही.

कोर्सचे पैसे आत्ता भरू नकोस. आधी एक्सेल पक्कं कर, नकाशासाठी क्यूजीआयएस शीक, ते फुकट मिळतं. मालकांची परवानगी घेऊन बाबांच्या फौंड्रीच्या मुख्य दहा मालांचा तक्ता मांड : कुठून येतो, कोणत्या रस्त्याने, साठा किती दिवसांचा. मुलाखतीत कंपनीचं नाव झाकून तोच दाखव. तो करताना जिथे अडशील तेवढंच शिकवणारा कोर्स मग शोध, आणि फी भरण्याआधी अभ्यासक्रम मला पाठव.