हवाई फोटोंवरून काँक्रीट-डांबराखालची जमीन कशी मोजायची? हिरवं नाही ते सगळं पक्कं धरलं तर चालतं का?

तुमच्याकडे चार बँडचे हवाई फोटो आहेत, म्हणजे नेहमीचे तीन रंग आणि वर निअर इन्फ्रारेड, आणि तुम्ही विचारताय की एनडीव्हीआय (हिरवळ किती आहे हे दाखवणारा आकडा) काढून जिथे हिरवळ नाही तेवढं सगळं काँक्रीट धरून टाकलं तर चालेल का. नाही चालणार. मी हेच काम करतो, म्हणून कुठे अडतं ते जरा सविस्तर सांगतो.

एनडीव्हीआय म्हणजे इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि इन्फ्रारेड जोरात परत फेकतं, त्यामुळे झाडं-गवत पटकन वेगळी पडतात, आणि हिरवा रंग मारलेलं टेनिस कोर्ट डोळ्याला कितीही हिरवं दिसलं तरी इथे उघडं पडतं. पण उरलेल्यात काय काय असतं बघा: डांबर, छपरं, मोकळी माती, वाळू, खडक, पीक काढून घेतलेलं शेत, पाणी, सावली. अजून एक, पुस्तकात दिलेला ०.२ वगैरे कटऑफ, म्हणजे ज्याच्या वर हिरवळ धरायची तो आकडा, तसाच उचलू नका, कारण हवाई फोटो जोडताना सगळे तुकडे एकसारखे दिसावेत म्हणून रंग ओढूनताणून जुळवलेले असतात, तिथे प्रत्येक सेटचा कटऑफ स्वतः बघूनच ठरवावा लागतो.

खरी डोकेदुखी मोकळ्या मातीची. कोरडी फिकट माती आणि जुनं काँक्रीट चारही बँडमध्ये जवळपास सारखंच दिसतं, एक पिक्सेल १० सेंटीमीटरचा असलेल्या फोटोत झूम करून बघितलं तरी एखाद्या आवारात फरशी कुठे संपली आणि माती कुठे सुरू झाली हे रंगावरून सांगता येत नाही, कडेची सरळ रेघ किंवा चाकांच्या खुणा बघून आपण ओळखतो. मशीनला नुसता पिक्सेलचा रंग दिला तर ते इथे चुकणारच, म्हणून आजूबाजूचा आकार आणि पोत बघणारी पद्धत घ्या, सेगमेंटेशन करून, म्हणजे सारखे दिसणारे शेजारचे पिक्सेल एकत्र करून, रँडम फॉरेस्ट (नमुन्यांवरून वर्ग ओळखायला शिकणारी पद्धत) किंवा हातानं आखलेले नमुने पुरेसे असतील तर यू-नेट (फोटोतला प्रत्येक पिक्सेल ओळखणारं न्यूरल नेटवर्क).

शेतांसाठी मात्र एक सोपी युक्ती आहे आणि ती मला फार आवडते. सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, १० मीटरच्या पिक्सेलचे, साधारण दर ५ दिवसांनी नवीन, त्यातून वर्षभरातला प्रत्येक पिक्सेलचा सर्वात जास्त एनडीव्हीआय काढा. शेत वर्षात कधी ना कधी हिरवं होतंच, काँक्रीट कधीच होत नाही. पडीक शेतं आणि बारमाही उघडी माती यातून सुटतात, ती हातानं बघावी लागतील, पण ढोबळ घोळ निघून जातो.

सावलीचा वेगळा वर्गच करा आणि नंतर दुसऱ्या तारखेच्या फोटोवरून ती भरा, जबरदस्तीनं इकडे किंवा तिकडे ढकलू नका. उंच इमारती फोटोच्या मध्यापासून लांब असल्या की बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतात, छप्पर जागेवरून सरकतं आणि मागची जमीन झाकली जाते, तेव्हा ट्रू ऑर्थो, म्हणजे इमारतींचा हा कल काढून टाकलेला फोटो, मिळत असेल तर तोच मागा. लायडार (लेझरनं मोजलेली उंची) असेल तर छपरांचं काम खूपच हलकं होतं.

आणि रस्त्यावर पसरलेलं झाड? हे आधी ठरवायचं असतं, मोजणी कशासाठी आहे त्यावरून. पावसाचं पाणी किती वाहून जाईल हे काढायचं असेल तर खाली डांबर आहे हे महत्त्वाचं, त्यामुळे रस्त्यांचा वेगळा व्हेक्टर लेयर, म्हणजे रेषांनी आखलेला नकाशा, घेऊन रुंदीप्रमाणे तो नकाशावर चढवा. उष्णतेचा अभ्यास असेल तर वरची सावलीच जास्त कामाची. पानगळीचे फोटो मिळाले तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

शेवटी तपासणी, आणि इथे कृपा करून नुसती एकूण अचूकता सांगून थांबू नका, कारण पक्की जमीन २० टक्केच असेल तर सगळ्याला "कच्ची" म्हणणारा नकाशाही ८० टक्के बरोबर निघतो. दोन्ही वर्गांत रँडम पॉइंट टाका आणि प्रत्येक पॉइंट नकाशाचं उत्तर न बघता फोटोवरून डोळ्यानं ठरवा. समजा नकाशात १०० हेक्टर पक्की आणि ४०० हेक्टर कच्ची आहे, पक्कीतल्या १०० पॉइंटपैकी ८५ खरे निघाले आणि कच्चीतल्या १०० पैकी ५ पक्के निघाले, तर खरा अंदाज ८५ अधिक ४०० चे ५ टक्के म्हणजे २०, एकूण १०५ हेक्टर. कच्चीतली ती ५ टक्क्यांची चूक किरकोळ दिसते पण पक्कीतल्या १५ हेक्टरच्या चुकीपेक्षा मोठी भरली, म्हणून पॉइंट वाढवायचे असतील तर आधी तिथे वाढवा, खास करून झाडांखाली आणि सावलीत.