मरी ते मार्ला, कच्चा रस्ता, एका दिवसात होईल का?

तुम्ही विचारलंय की जुलैत आई-बाबांना घेऊन ॲडलेडहून उलुरूला जायचंय, वाटेत ऊडनाडॅटा ट्रॅक हा दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला कच्चा रस्ता करायचाय, आणि त्याचा मरी ते मार्ला हा टप्पा मॅपवर साडेआठ तासांचा दिसतोय, तर तो एका दिवसात बसेल का.

गाडी पोचेल, पण आई-बाबा सोबत असताना एका दिवसात करू नका. दोन दिवस धरा, सुट्टी असेल तर तीन. मी ॲडलेडला राहतो. हा रस्ता तीनदा केलाय, आणि पहिल्या वेळी हिशेब अगदी तुमच्यासारखाच मांडला होता.

आपण अंतराला वेगाने भागतो आणि तास काढतो. तिकडे उलटं करायचं. आधी वापरता येणारा उजेड मोजायचा, मग त्यात किती किलोमीटर बसतात ते पाहायचं. जुलैच्या सुरुवातीला त्या भागात सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्यातला सकाळचा पहिला पाऊण तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास कांगारूंचा. शिवाय रस्त्याच्या बऱ्याच भागाला कुंपण नाही, गुरं मोकळी फिरतात, आणि तिन्हीसांजेला काळी गाय अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून आठला निघायचं आणि साडेचारला मुक्कामी असायचं. हातात राहिले साडेआठ तास. मरी ते मार्ला साधारण ६२० किलोमीटर. म्हणजे एका दिवसात करायचं तर जेवण, चहा, फोटो, लघुशंका सगळं धरून ताशी ७३ची सरासरी हवी. ती पडत नाही.

का पडत नाही, ते रस्त्यावर गेल्यावरच नीट कळतं. पन्हाळी पत्रा जमिनीवर आडवा अंथरलाय आणि त्यावरून तासन् तास गाडी चाललीय, असं समजा. याला तिकडे कॉरुगेशन म्हणतात. चाळीसच्या वेगात डब्यातले चमचे वाजतात, डॅशबोर्ड वाजतो, दात वाजतात. ऐंशीला नेलं की सगळं एकदम शांत होतं, कारण टायर लाटांच्या फक्त माथ्यांवरून उडत जातात. आणि धोका इथेच आहे. टायर जमिनीला जेमतेम टेकत असतात, त्यामुळे ना ब्रेक नीट लागतो, ना स्टिअरिंगचं गाडी ऐकते. अशा वेळी वळण आलं किंवा समोर वाळलेल्या ओढ्याचा खळगा आला, की गाडी आडवी होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात शहराबाहेर जिथे पाटी नाही तिथे मर्यादा १००ची आहे, पण ती फक्त कायद्याची मर्यादा आहे, त्या वेगाने जा असा सल्ला नाही. नुकताच ग्रेडर (कच्चा रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरला असेल तर मी ८० पर्यंत जातो, एरवी ६० ते ७०, आणि खराब पट्ट्यात ४०. थांबे धरून माझी सरासरी ५०च्या आसपास पडते. तुम्हीही ५०च धरा. मग ६२० किलोमीटरचे साडेबारा तास होतात, म्हणजे दोन दिवस, रोज सरासरी सहा-साडेसहा तास. वयस्कर माणसांच्या पाठीला तेवढेच पुरे.

आणि तिथे थांबण्यासारखं खूप आहे, नुसतं पार करायला कशाला जायचं? हा रस्ता ॲलिस स्प्रिंग्जला जाणाऱ्या जुन्या ‘घान’ रेल्वेच्या मार्गाला धरून जातो. ती लाइन १९८० साली बंद झाली. मरीला उंटवाल्यांची वस्ती होती. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यातले बरेच तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेले होते. बाबांना इतिहासाची आवड असेल तर मरीतच दोन तास जातील. मरी ते विल्यम क्रीक साधारण २०५ किलोमीटर, आणि पाहण्यासारखं बहुतेक याच टप्प्यात आहे: काटी थांडा म्हणजेच लेक एअर या खाऱ्या तळ्याचं दक्षिणेकडचं पात्र रस्त्यावरूनच दिसतं, वाळवंटात बुडबुडणारे नैसर्गिक झरे आहेत, कॉवर्ड स्प्रिंग्जला जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याचं छोटं कुंड आहे. चालवायला साडेतीन तास, पाहायला अडीच. पहिला मुक्काम विल्यम क्रीकला करा. दुसऱ्या दिवशी ऊडनाडॅटापर्यंतचे २०० किलोमीटर, वाटेत अल्जेबकिना इथला जुना रेल्वेपूल, ५७८ मीटर लांब. तिथे जेवणाचा डबा उघडा. मग ऊडनाडॅटाला दुपारी बाराच्या आत पोचलात तरच मार्लाकडे निघा. ते अजून २१० किलोमीटर आहेत. बारा वाजून गेले असतील तर ऊडनाडॅटालाच राहा.

पहिल्या खेपेला आमचा मागचा डावा टायर अल्जेबकिनाच्या अलीकडे फाटला. पंक्चरला मी हिशेबात वीस मिनिटं धरली होती. प्रत्यक्षात स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला लटकलेली, साखळीचा गिअर धुळीने भरलेला. ती उतरवण्यातच अर्धा तास गेला. जॅक लावला तर तो मुरमात रुतायला लागला, गाडी उचलेचना. शेवटी माझ्या आईने डिकीतून पोळपाट काढून दिला, तो जॅकखाली ठेवला आणि गाडी वर आली. एकूण सव्वा तास लागला. त्या सव्वा तासाने आम्हाला अंधारात लोटलं, आणि शेवटचे चाळीस किलोमीटर आई एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून मी रोजच्या हिशेबात एक तास टायरसाठी बाजूला ठेवतो. जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या. आणि स्टेपनी उतरवण्याची तालीम ॲडलेडला घराच्या दारातच करा.

निघाल्यावर करायची एक गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली आहे. मरीहून कच्च्या रस्त्याला लागलात की घड्याळ आणि किलोमीटरचा आकडा कागदावर लिहा. पहिले ५० किलोमीटर झाले की पुन्हा लिहा. पन्नास मिनिटं लागली तर रस्ता चांगला आहे, सव्वा तास लागला तर त्या दिवसाचा सगळा बेत तिथल्या तिथे बदला. नाही तर पुढे वेळ भरून काढायला माणूस वेग वाढवतो, आणि गाड्या उलटतात त्या तशाच. समोरून येणाऱ्यालाही विचारत जा. हॉटेलच्या काउंटरवर ‘पुढचा रस्ता कसा आहे, ग्रेडर कधी फिरला’ एवढं विचारलं तरी कुठल्याही ॲपपेक्षा ताजी माहिती मिळते.

बाकी पटकन सांगतो. कच्च्या रस्त्यासाठी टायरमधली हवा कमी करायला पंधरा मिनिटं आणि डांबरी रस्त्याला लागल्यावर भरायला त्याहून जास्त, तीही धरा. मोठा ट्रक समोरून आला की डावीकडे थांबा, धूळ बसेपर्यंत हलू नका. इंधन मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडॅटा आणि मार्ला इथेच मिळतं. प्रत्येक ठिकाणी टाकी भरा. पाणी माणशी दिवसाला दहा लिटर. गावं सोडली की मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या आणि रोज संध्याकाळी कुणाला तरी पोचल्याचं कळवायचं ठरवून ठेवा. गाडी भाड्याची असेल तर करारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का, ते शब्दन् शब्द वाचा.

पावसाचं मात्र वेगळं आहे. थोड्याशा पावसानेही तिथल्या मातीचा लगदा होतो आणि रस्ता काही दिवस बंद ठेवतात. बंद रस्त्यावर गेलात तर दंड होतो. म्हणून उलुरूचं बुकिंग एक दिवस पुढचं करा. मरीला रस्ता उघडा की बंद ते सांगणारा बोर्ड ‘बंद’ म्हणाला तर परत पोर्ट ऑगस्टाला या, पावणेचारशे किलोमीटर आहे, आणि डांबरी स्टुअर्ट हायवेने कूबर पीडी या गावाला जा. तिथे जमिनीखाली कोरलेल्या खोल्यांत राहता येतं, आईला ते नक्की आवडेल. रस्ता विल्यम क्रीकच्या पुढे बंद झाला तर तिथूनही कूबर पीडीला १६५ किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो, पण तो उघडा आहे का ते निघण्याआधी हॉटेलात विचारा.

तारखा नक्की झाल्या की इथेच लिहा, मुक्काम जुळवून देतो.