‘काही नाही’च्या पलीकडे

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे. काहीही विचारलं की ‘काही नाही’ म्हणतो आणि दार लावून घेतो. त्याला बोलतं कसं करावं?

उत्तर : समोर बसवून विचारलं की मुलांना ती उलटतपासणी वाटते. त्यापेक्षा कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना, शेजारी राहून बोला. नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून जीभ सैल होते. ‘दिवस कसा गेला?’ असं मोघम नको. ‘मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतास?’ असं नेमकं विचारा आणि मग गप्प राहा, अगदी दहा सेकंदसुद्धा. ती शांतता आपल्यालाच सोसत नाही, आपण उपदेश सुरू करतो आणि तिथेच सगळं बिनसतं. आधी फक्त ऐकलेलं परत म्हणा : ‘म्हणजे त्यांनी तुला गटात घेतलं नाही, आणि तुला ते लागलं.’

‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं.

झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतला बदल दोन आठवडे टिकला तर शाळेच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटा. मरणाची भाषा आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.