बेघर माणसांना फुटबॉल खेळवून काय साध्य होतं?

तुमचा प्रश्न असा, की ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही त्याच्यापुढे चेंडू टाकणं म्हणजे निव्वळ चोचले. तोच पैसा निवाऱ्यावर का खर्च करू नये? चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचो. आता दर रविवारी सकाळी नागपुरातल्या एका बेघर निवाऱ्यातली दहा-बारा माणसं घेऊन मैदानावर जातो.

खेळून कुणाला घर मिळत नाही, हे आधीच मान्य करतो. पण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचं घराच्याही आधी एक जातं, ते म्हणजे वाट पाहणारं कुणीतरी. आमच्यातला एकजण चाळिशी उलटलेला, लग्नसराईत केटररकडे भांडी घासायचा, एरवी दारू. पहिले तीन रविवार भिंतीला टेकून बसला. मग कुणीतरी त्याला चपला सांभाळायला बसवलं, आणि एकदा माणूस कमी पडला म्हणून गोलमध्ये उभं केलं, कारण तिथे उभं राहायला कुणी तयारच नसतं. पुढे ती जागा त्याचीच झाली. एका रविवारी तो आला नाही. गोलकीपर नाही म्हणजे खेळ नाही, म्हणून पोरं चिडून त्याला शोधायला निघाली. संत्रा मार्केटच्या बाजूला फुटपाथवर तापाने फणफणलेला सापडला. 'काऊन आला नाही बे?' हे त्याला विचारलेलं पहिलं वाक्य. तिथून त्याला मेयो या सरकारी रुग्णालयात नेलं. तो नंतर म्हणाला, आजारी आधीही पडायचो, पण कुणाचं काही अडायचं नाही.

हे 'अडणं' सांघिक खेळातच होतं. व्यायामशाळेत तुम्ही गेला नाहीत तर डंबेल काही तुम्हाला शोधायला येत नाहीत.

जगभर हा विचार होमलेस वर्ल्ड कप या बेघरांच्या फुटबॉल स्पर्धेने रुजवला. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मीड हे दोघेही बेघरांनी रस्त्यावर विकायच्या नियतकालिकांशी संबंधित. २००१ साली केपटाऊनच्या एका परिषदेनंतर गप्पांमधून त्यांना ही कल्पना सुचली आणि २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये १८ देशांची पहिली स्पर्धा झाली. मैदान साधारण २२ बाय १६ मीटरचं, एका बाजूने चौघे आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढ्याशा जागेत कोपरा धरून उभं राहता येत नाही, चेंडू तुमच्याकडे येतोच. माणसांपासून लपायची सवय लागलेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, असं माझं मत.

मला मात्र त्यांचा दुसरा एक नियम जास्त आवडतो: एका खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही चांगला खेळा, पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरा. म्हणजे खेळाडू सांभाळून ठेवायचा नाही, पुढे जाऊ द्यायचा. आमच्याकडे उलट होतं. चांगला स्ट्रायकर कामाला लागून रविवारी येईनासा झाला की मलाच वाईट वाटतं! स्वतःला समजवावं लागतं.

नागपूरकरांना हे नवं नाही म्हणा. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यातूनच 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली आणि भारताचे संघ होमलेस वर्ल्ड कपला जाऊ लागले. यात एक फरक लक्षात घ्या. वस्तीतल्या पोराच्या डोक्यावर निदान पत्रा असतो, मागे आई असते. निवाऱ्यातल्या माणसाकडे बऱ्याचदा आधार कार्डही नसतं. अशाला परदेशी खेळायला न्यायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला पत्ता हवा, आणि मग पोलीस पडताळणी. गोल मारणं त्या मानाने सोपं.

म्हणून तुमचं अर्धं बरोबर आहे. नुसता चेंडू घेऊन जाणाऱ्याने जाऊच नये. आमच्यासोबत निवाऱ्यातली एक ताई असते, ती खेळ संपल्यावर तिथेच बसून कागदपत्रं, बँक खातं, दवाखान्याच्या तारखा बघते. तिच्या टेबलासमोर जो माणूस एरवी फिरकला नसता, तो घाम पुसत आपणहून जाऊन बसतो. आमचं बरंचसं काम तिथे होतं.

अपयशही सांगतो. देणगीतून आलेले आठ जोड बूट महिन्याभरात चोरबाजारात पोचले. दोघं पुन्हा दारूवर गेले, एक कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. गोलकीपर सध्या एका खानावळीत आहे, तिथेच झोपतो. पिणं सुटलंय असं मी म्हणणार नाही, शनिवारी रात्री पीत नाही एवढं खरं.

राहिला पैशाचा प्रश्न. मैदान फुकट आहे, चेंडू वर्षाला दोन लागतात. सगळ्यात मोठा खर्च खेळ झाल्यावरच्या तर्री-पोह्यांचा, आणि त्यात काटछाट करा म्हणालात तर पोरं मलाच संघातून काढतील.