रोजच्या गाडीचं पेंट करेक्शन: किती घासायचं, कुठे थांबायचं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख पेंट करेक्शनवर आहे. मशीनला पॅड लावून, कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट घेऊन रंगाचा वरचा थर किंचित घासायचा आणि चरे घालवायचे, असं हे काम. बरेच जण याला नुसतं रबिंग-पॉलिश म्हणतात. गाडी रोज वापरात असेल तर हा खटाटोप करावा का, हे जवळपास प्रत्येकाने विचारलं आहे. खाली आधी पत्रातला प्रश्न आणि मग माझं उत्तर असं देतो.

माझी काळी सेदान तीन वर्षांची आहे. रोज कामावर नेतो, दिवसभर ती उघड्यावर उभी असते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात. डिटेलिंगवाल्याने तीन टप्प्यांचं करेक्शन, म्हणजे कडक कंपाउंडपासून बारीक पॉलिशपर्यंत तीनदा घासणं, सुचवलं आहे. करून घेऊ का?

तीन टप्प्यांचं नको. एका टप्प्याचं हलकं पॉलिश करून घ्या, पण त्याआधी गाडी धुण्याची पद्धत बदला.

पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे चारही थर मिळून जेमतेम दोन केसांची जाडी. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुम्हाला दिसणारे चरे याच थरात आहेत. पॉलिशने चरा भरून निघतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत खाली आणावा लागतो, तेव्हा कुठे चरा नाहीसा होतो. जितका चरा खोल, तितका सगळा पृष्ठभाग घासायचा. एकदा गेलेला थर परत येत नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी रसायनं याच क्लिअर कोटमध्ये असतात. तो फार पातळ झाला की आधी छपरावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे दिसू लागतात, पुढे पापुद्रे सुटतात. तुमची गाडी दिवसभर उन्हात असते, तेव्हा हा थर जपण्याची गरज तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे. हलक्या पॉलिशमध्ये मायक्रॉन-दीड मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडच्या हातात त्याच्या काही पट. हलक्या हातानेही वरवरच्या चऱ्यांपैकी बरेचसे जातात. उरलेले शोधण्यासाठी टॉर्च लावावा लागतो, आणि रस्त्यावर तुमच्या गाडीकडे टॉर्च लावून कोणी बघत नाही.

एक गंमत सांगतो. ते चरे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना पसरलेले बारीक चरे असतात, पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जाळं विणल्यासारखं दिसतं. अंधारात टॉर्च फिरवून पाहा, जाळंही त्याच्याबरोबर सरकेल. रंग पांढरा किंवा चंदेरी असता तर हेच चरे तुमच्या लक्षातही आले नसते.

रंगाची जाडी मोजायचं गेज विकत घेऊन गाडीवर मोजलं. छपरावर १२०, पुढच्या दरवाज्यावर ११५ आणि मागच्या एका दरवाज्यावर ३१० मायक्रॉन. म्हणजे घासायला भरपूर वाव आहे ना?

नाही. गेज धातूपासून वरपर्यंतची एकूण जाडी दाखवतं. त्यातला क्लिअर कोट किती, हे साधं गेज सांगू शकत नाही. १२० मधला प्रायमर जाड असेल तर वरचा थर पातळ असू शकतो. ३१० वाला दरवाजा बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. त्यावर कोणता क्लिअर कोट मारला आणि किती, हे रंगवणाऱ्यालाच माहीत, म्हणून तिथे जास्त जपायचं. बंपर प्लॅस्टिकचे असल्यामुळे हे गेज त्यांच्यावर चालणारच नाही.

गेजचा खरा उपयोग कामाच्या आधी आणि नंतर त्याच जागी मोजून फरक पाहण्यात आहे. पॉलिश करून घेताना हे दोन्ही आकडे लिहून मागा. चांगला कारागीर आनंदाने देतो.

कडांबद्दलही सांगून ठेवतो. पत्र्याच्या घडीवर आणि कडेवर क्लिअर कोट सपाट भागापेक्षा पातळ असतो. मी हे काम शिकत असताना एका फेंडरच्या कडेवर रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल फिरवणारं) क्षणभर जास्त टेकलं आणि पांढऱ्या पॅडवर गाडीचा रंग उतरला. तो फेंडर पुन्हा रंगवून द्यावा लागला. तेव्हापासून मी प्रत्येक कडेला आधी मास्किंग टेप लावतो. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांत पॅडवर रंग येणं नेहमीचं आहे. नव्या गाडीत तो दिसला तर नुकसान झालेलं असतं.

करेक्शननंतर गाडी आरशासारखी झाली होती. दोन महिन्यांत सगळे चरे परत आले. फसवणूक झाली का?

शक्यता दोन आहेत. काही पॉलिशमध्ये तेलं आणि चरे झाकणारी द्रव्यं असतात. ती धुपली की खालचे चरे पुन्हा दिसतात. काम संपल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक पॅनल पुसून घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेण्यापूर्वी हे करायला सांगा.

दुसरी शक्यता मला जास्त वाटते. गाडी पूर्वीसारखीच पुसली गेली, त्यामुळे चरे नव्याने पडले. तुम्ही पत्रात लिहिलंय, "रोज कोरड्या फडक्याने धूळ झटकतो." तिथेच सगळं येतं. धुळीत वाळूचे कण असतात आणि कोरडं फडकं ते कण क्लिअर कोटवर फरफटत नेतं. धूळ बसलेली राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही, ती पुसताना बिघडतं. आधी पाण्याच्या फवाऱ्याने सुटी घाण उतरवा. मग दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळून घ्यायची. वरून खाली या, चाकांसाठी वेगळा ब्रश ठेवा आणि शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपा. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा गाडीला लावू नका.

दरवाज्यावर किल्लीचा ओरखडा आहे. करेक्शनने जाईल?

नख आडवं फिरवा. अडकलं तर जाणार नाही. टच-अप रंग भरा आणि बाकी दरवाजा आहे तसा राहू द्या.

सिरॅमिक कोटिंगआधी पूर्ण करेक्शन केलंच पाहिजे, असं सांगतात. खरं आहे?

अर्धं खरं आहे. हे कोटिंग म्हणजे रंगावर चढवलेला पातळ, पारदर्शक संरक्षक थर, त्यामुळे खालचे चरे त्यातूनही दिसत राहतात. म्हणून आधी स्वच्छ धुणं, क्ले या मऊ, मातीसारख्या गोळ्याने चिकटलेली घाण काढणं आणि हलकं पॉलिश एवढं योग्य. त्यापुढचं ऐच्छिक आहे.

एक गोष्ट मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. कोटिंग जुनं झालं की ते काढायला पुन्हा घासावं लागतं. दर वेळी कडक करेक्शन आणि वर नवं कोटिंग असा फेरा धरला तर संरक्षणाच्या नावाखाली क्लिअर कोट संपत जातो. कोटिंगमुळे पाणी ओघळतं आणि धुणं सोपं होतं, हा फायदा खरा आहे. पण इतका पातळ थर दगडाचा मार अडवू शकत नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची फिल्म लागते. रोजच्या गाडीला बॉनेट आणि पुढच्या बंपरवर ती लावली तर ते मला मोठ्या करेक्शनपेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं.

पुढच्या महिन्यात गाडी विकायची आहे. आधी करेक्शन करू?

नको. धुवा, आतून साफ करा, फार तर हलकं पॉलिश मारा.

घरीच करून पाहायचं आहे. सुरुवात कशी करू?

रोटरी मशीन घेऊ नका, ड्युअल अॅक्शन, म्हणजे पॅड गोल फिरवतानाच इकडेतिकडे हलवणारं मशीन घ्या. त्यात उष्णता कमी होते आणि चूक सावरायला वेळ मिळतो. गाडी सावलीत उभी करा, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. सपाट भागावर दोन वीत चौकोन टेपने आखा आणि तुमच्याकडे असलेलं सगळ्यात मऊ पॅड व सगळ्यात सौम्य पॉलिश तिथे वापरून पाहा. कंपाउंडची बाटली तोवर उघडूच नका. चौकोन पुसून चार पावलं मागे जा आणि उन्हात बघा. तिथून चरे दिसत नसतील तर उरलेल्या गाडीवरही तेच पॅड, तेच पॉलिश आणि तितकेच हात फिरवा.