दोन श्रेयांक म्हणजे नक्की किती तास?

निकाल लागू लागले की श्रेयांकांविषयीची, म्हणजे क्रेडिट्सविषयीची पत्रं वाढतात. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. एका विषयाला चार श्रेयांक, दुसऱ्याला दोनच. पण दोन्हींची पुस्तकं सारखीच जाड. हे आकडे कोण ठरवतं आणि कशावरून? – एक पालक, बार्शी

श्रेयांक तासांवरून ठरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार आठवड्याला एक तास व्याख्यान, असे १५ आठवडे झाले की १ श्रेयांक. म्हणजे दोन श्रेयांकांना ३० तासिका, चारांना ६०. चौकट आयोग आणि राज्य शासनाची असते. महाराष्ट्रात एका सत्राला २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. त्यातले कोणत्या अभ्यासक्रमाला किती द्यायचे हे अभ्यास मंडळ (त्या विषयाची विद्यापीठातली समिती) सुचवतं आणि विद्यापरिषद (विद्यापीठाचं शैक्षणिक निर्णय घेणारं मंडळ) मंजूर करते.

मी अभ्यास मंडळावर काम केलं आहे, त्यामुळे तिथली ओढाताण माहीत आहे. श्रेयांक गेला की तासिका जातात, तासिका गेल्या की कार्यभार, म्हणजे शिक्षकाच्या नावावरचं शिकवण्याचं काम, जातो आणि कार्यभार गेला की शिक्षकाची जागाच धोक्यात येते. म्हणून कोणीच काही सोडायला तयार होत नाही आणि चार श्रेयांकांचा जुना अभ्यासक्रम जवळजवळ तसाच दोन श्रेयांकांत कोंबला जातो. तुमच्या मुलीच्या जाड पुस्तकाचं कारण बहुधा हेच असावं. अभ्यासक्रमात प्रत्येक घटकापुढे तासिका छापलेल्या असतात, त्या पाहा. ३० तासिकांत तो मजकूर शिकवून होणं अशक्य वाटत असेल तर विभागप्रमुखांना लेखी विचारा. असं विचारण्याचा पालकांना हक्क आहे.

आता दुसरी बाजू. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात १ श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे शिकण्याचे एकूण ३० तास धरले आहेत आणि वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १२०० तास. व्याख्यानाचे १५ वजा केले तर उरलेले १५ वाचन, लेखन, गृहपाठ आणि परीक्षेचे. सत्राला २० श्रेयांक म्हणजे ६०० तास, आठवड्याला ४०. पूर्ण वेळची नोकरीच झाली ही! श्रेयांकाचा निम्मा भाग वर्गाबाहेर कमवायचा असतो, हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण ते १५ तास झाले नाहीत तरी गुणपत्रिकेवर श्रेयांक तेवढेच दिसतात.

प्रश्न : आठवड्याला चार तास प्रयोगशाळेत उभे असतो, श्रेयांक मात्र दोनच. हा अन्याय नाही का? – बी.एस्सी.चा विद्यार्थी, जळगाव

नियमात अन्याय नाही. प्रात्यक्षिक, क्षेत्रभेट, इंटर्नशिप यांना आठवड्याला दोन तासांचा एक श्रेयांक, म्हणजे सत्रात ३० तास. कारण त्यांचं बहुतेक काम जागेवरच संपायला हवं. अन्याय होतो तो पुढे. प्रयोग घाईत उरकायचा आणि जर्नल रात्री घरी उतरवून काढायचं, ही आपल्याकडची रीत श्रेयांकाच्या हिशेबात कुठेच बसत नाही. निरीक्षणं, आकडेमोड आणि लेखन त्या चार तासांतच व्हायला हवं, तेही शिक्षक समोर असताना.

प्रश्न : जेमतेम उत्तीर्ण झालो तरी श्रेयांक पूर्ण मिळतात का? – एक विद्यार्थिनी, परभणी

हो. उत्तीर्ण असाल तर पूर्ण, नापास असाल तर शून्य. गुणवत्ता श्रेणीत दिसते आणि तिथे श्रेयांक वजनाचं काम करतो. चार श्रेयांकांच्या विषयात ६ श्रेणीगुण (ग्रेड पॉइंट) आणि दोन श्रेयांकांच्या विषयात १० मिळाले, तर सरासरी ८ येत नाही. २४ अधिक २० भागिले ६, म्हणजे ७.३३ येते. मोठ्या विषयाकडे दुर्लक्ष महागात पडतं.

प्रश्न : ही तासांची पद्धत आली कुठून? – एक प्राध्यापक, सांगली

अमेरिकेतून, आणि निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने. १९०५ साली पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्यासाठी पात्र कोण, म्हणजे मुळात कॉलेज कशाला म्हणायचं, हे ठरवताना त्यांच्या प्रतिष्ठानाने प्रवेशाची अट घातली : विद्यार्थ्याने माध्यमिक शाळेत १२० तासांचं एक, अशी १४ एककं पूर्ण केलेली हवीत. पुढे कॉलेजांनी स्वतःचे अभ्यासक्रमही तासांत मोजायला सुरुवात केली. आज अमेरिकेच्या केंद्रीय नियमात एका श्रेयांकाला आठवड्याला वर्गात एक तास आणि बाहेर किमान दोन, असे सुमारे १५ आठवडे लागतात. याच प्रतिष्ठानाने २०१५च्या अहवालात मान्य केलं की या एककाने शिकण्याचं खरं मोजमाप होत नाही. तरीही मी तासांचा हिशेब मोडीत काढा असं म्हणणार नाही. जिथे निम्म्या तासिका होतच नाहीत, तिथे विद्यार्थ्याच्या हातात दाद मागायला तेवढाच एक आकडा असतो.

प्रश्न : घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबलं. श्रेयांक वाया गेले का? – नांदेड

वाया गेलेले नाहीत. २०२१पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणारी ऑनलाइन बँक आहे आणि तिथले श्रेयांक कमाल सात वर्षं वापरता येतात. मात्र ते जमा तुम्ही नाही, संस्थेने करायचे असतात. म्हणून आधी डिजिलॉकरमध्ये जाऊन खातं बघा. रिकामं असेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. पहिलं वर्ष पूर्ण करून ४ श्रेयांकांचं जास्तीचं कौशल्य-काम केलं तर प्रमाणपत्रासह बाहेर पडता येतं. तसं बाहेर पडलेल्यांना तीन वर्षांच्या आत परत येता येतं. दरम्यान ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम करणार असाल, तर तो तुमचं विद्यापीठ मान्य करतं का ते नावनोंदणीआधी विचारा.

प्रश्न : जर्मनीत एम.एस्सी.ला १८० युरोपीय श्रेयांक मागतात, माझे १३२च आहेत. – पुणे

आकड्याला आकडा लावू नका. युरोपात पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक, एकेक २५ ते ३० तासांचा. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२०, पण एकेक १० तासांचा. आपल्याकडे ४० ते ४४. वर्षाला वर्ष लावलं तर तुमची तीन वर्षं १८०च्या जवळ जातात. काही विद्यापीठं असा विचार करतात, काही तास मोजतात आणि मग तुम्ही कमी पडू शकता. अंतिम निर्णय तिथल्या प्रवेश समितीचा. गणित किंवा प्रयोगशाळेचे किमान श्रेयांक ते वेगळे मागू शकतात, म्हणून नुसती गुणपत्रिका पाठवू नका. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, वर्गातले तास आणि स्वयंअध्ययनाचे तास यांचा विद्यापीठाच्या शिक्क्यासह इंग्रजी दाखला जोडा. तो मिळायला वेळ लागतो, तेव्हा शेवटच्या सत्राची परीक्षा संपण्याआधीच अर्ज टाका.